गाडीखालच्या कमानी

मोटार निवडतांना माणूस प्रथम रंग पाहतो, मग बैठक पाहतो, आणि विशेष चौकस असला तर इंजिनाच्या शक्तीची विचारपूस करतो. खालीं वांकून गाडीचें पोट पाहणारा गिऱ्हाईक विरळाच. वास्तविक ज्या पोलादी कमानींवर आणि तेलाच्या नळकांड्यांवर सगळी गाडी तोललेली असते, त्यांच्यावरच आंत बसणाऱ्याचें सुख, मालाची सुरक्षितता आणि घाटांतल्या वळणावर जीविताची शाश्वति अवलंबून असते. परंतु तीं पडलीं पडद्याआडचीं माणसें! त्यांची आठवण व्हावयाची ती बिघाड झाल्यावरच.

आमच्या घरीं गेल्या वर्षीं या विषयावर जवळजवळ महिनाभर खल चालला होता. कोंकणांत व घाटमाथ्यावर आतां पुष्कळ घरीं शेतीच्या कामासाठीं पिकअप गाडी आलेली आहे. तिच्या कमानी बदलाव्या कीं नाहीं, आणि बदलाव्या तर कोणत्या, हा प्रश्न त्या घरांतही आज ना उद्यां निघेल. म्हणून आमच्या त्या खलाचें सार वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचें घर राजापूर तालुक्यांत, डांबरी रस्त्यापासून सहा किलोमीटर आंत आहे. वाट जांभ्या दगडाची. उन्हाळ्यांत तिच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि पावसाळ्यांत तिच्यावरूनच ओहोळ वाहतात. गाडी दुहेरी केबिनची, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी, आठ वर्षें वापरलेली. तिचे मागचे पाटे बसले होते आणि शॉक ॲब्सॉर्बरमधून तेल पाझरूं लागलें होतें. तेव्हां कांहीं तरी करणें भागच होतें. घरांत जेवणारीं माणसें पंधरा, त्यामुळें मतांना तोटा नव्हता. थोरले दादा आंब्याची बाग पाहतात. त्यांचें म्हणणें असें कीं, ‘पेट्या चढवल्या कीं गाडी मागें बसते, दोन पाटे वाढवा म्हणजे झालें.’ आमचा पुतण्या अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत आहे. त्याचा हट्ट गाडी चार इंच उंच करून मोठीं चाकें घालण्याचा. ‘काका, तुम्ही एकदां उंच गाडी चालवून पाहा, मग ही चालवावीशी वाटणार नाहीं,’ असें तो आम्हांस दिवसांतून दोनदां तरी ऐकवी.

या दोघांच्या वादांत वहिनींनीं एकच प्रश्न टाकला आणि सगळ्यांची तोंडें बंद केलीं. आमच्या आईचें वय 83. हाडें ठिसूळ झाल्यामुळें दोन वर्षांपूर्वीं तिच्या पाठीचा एक मणका दबला. तेव्हांपासून दर तीन आठवड्यांनीं तिला अणुस्कुरा घाटानें कोल्हापुरास डॉक्टरांकडे न्यावें लागतें. आणि पावसाळ्यांत आमच्या दारापर्यंत येणारें वाहन या पिकअपवांचून दुसरें नाहीं. वहिनी म्हणाल्या, ‘आई परत आल्या कीं दोन दिवस त्यांना अंथरुणावरून उठवत नाहीं. तें कोणत्या कमानीनें थांबेल तेवढें मला सांगा.’

या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें तर कमान म्हणजे काय, येथूनच आरंभ करावयास हवा. अशा गाडीला मागें पोलादाच्या पट्ट्या एकीवर एक रचून केलेली कमान असते. गॅरेजांत तिला पाटे म्हणतात. ही कल्पना घोडागाड्यांच्या काळची. 1804 सालीं ओबडाया एलियट नांवाच्या इंग्रज गाडी-कारागिरानें अशा कमानींवर गाडी तोलण्याचें पेटंट घेतलें होतें. आपल्या टांग्याला कमान असे आणि बैलगाडीला नसे. ज्यांनीं दोहोंतूनही प्रवास केला आहे, त्यांना कमानीची थोरवी वेगळी सांगावयास नको. पुढच्या बाजूस बहुतेक गाड्यांना प्रत्येक चाकासाठीं स्वतंत्र वेटोळ्याची कमान असते. मागें ओझें वाहावयाचें म्हणून पाटे, आणि पुढें चाक नेमकें वळवावयाचें म्हणून वेटोळीं, अशी ही वांटणी आहे.

शॉक ॲब्सॉर्बर या नांवानें मात्र पुष्कळांची फसगत होते. धक्का खरोखर पोटांत घेते ती कमान. पण घेतलेला धक्का ती लगेच परत देते, आणि तिच्यावरच सोडलें तर गाडी कितीतरी वेळ झुलत राहील. नळकांड्यांतील दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून रेटतो, त्यांत हालचालीची शक्ति खर्च होऊन तिची उष्णता बनते आणि झोके शांत होतात. खडकाळ वाटेवर गाडी फार वेळ चालली तर हें तेल तापतें, त्याला फेंस येतो, आणि नळकांडें आपलें काम सोडून देतें. सारांश, भार वाहणें हें कमानीचें काम आणि आवरणें हें नळकांड्याचें. एकाचें अपुरेपण दुसऱ्यानें भरून निघत नाहीं.

आतां दादांच्या पाट्यांकडे वळूं. कमान गाडीच्या भारानें किती दबते, यावर गाडी मिनिटाला किती झोके घेणार हें ठरतें. ती 25 सेंटिमीटर दबत असेल तर मिनिटाला सुमारें 60 झोके; 6 सेंटिमीटरच दबत असेल तर सुमारें 120. माणसाला मिनिटाला 60 ते 90 झोके सोसतात. त्याहून ते जलद होत गेले कीं अंग अवघडतें. आणि सेकंदाला 4 ते 8 वेळां होणारी उभी थरथर बसलेल्या माणसाच्या धडाला सर्वांत जास्त जाचते. पाटे वाढवले म्हणजे कमान ताठ होते. ओझें असतांना हा ताठरपणा खपून जातो. पण गाडी रिकामी असली कीं तीच कमान दबेनाशी होते, पाट्यांच्या परस्पर घर्षणानें ती जखडून बसते, आणि सगळी गाडी टायरवरच चेंडूसारखी उसळूं लागते. तो प्रत्येक ठोका थेट बैठकीला, आणि बैठकीवरून पाठीच्या कण्याला पोंचतो. शिवाय पाटे वाढवल्यानें गाडीचा ॲक्सल, चौकट वा ब्रेक यांची ताकद कांहीं वाढत नाहीं. नोंदणीच्या कागदावर जेवढें वजन लिहिलें असेल तेवढेंच वजन तिनें वाहावयाचें.

पुतण्याची उंची तर याहून महाग पडणारी. कमानी बदलून गाडीचें धड उंच होतें हें खरें. पण मागचा ॲक्सल आणि त्याच्या मध्यावरचा डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच अंतरावर राहतो, आणि जांभ्याच्या पायरीला प्रथम घासतो तो हा गोळाच. त्याला वर उचलतें तें फक्त मोठें चाक. पुढच्या बाजूला उंची वाढली कीं चाकांना जोर पोंचवणाऱ्या दांड्या तिरक्या होतात, त्यांचे सांधे लौकर झिजतात, चाकांचा कोन बिघडतो, दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो. आणि गुरुत्वमध्य वर सरकल्यामुळें वळणावर गाडी अधिक कलते. एक गोष्ट तर आमच्या ध्यानांतही आली नसती. पुष्कळ पिकअपमध्यें मागच्या ब्रेकला किती दाब द्यावयाचा, हें धड आणि ॲक्सल यांमधील अंतरावरून ठरवणारा एक व्हॉल्व्ह असतो. गाडी उंच केली कीं तो समजतो गाडी रिकामी आहे, आणि मागला ब्रेक कमी करतो. पाठीवर पेट्या लादून घाट उतरतांना व्हॉल्व्हचा असा गैरसमज होणें किती घातक आहे, हें सांगावयास नकोच.

याखेरीज कायद्याचीही बाजू आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानें, उत्पादकानें ठरवलेल्या आणि नोंदणींत उतरलेल्या तपशिलांत फरक पडेल असा फेरफार करण्यास मालकाला मनाई आहे. जानेवारी 2019 मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही हीच भूमिका उचलून धरली. झिजलेला भाग काढून त्या जागीं त्याच जातीचा भाग बसवणें निराळें आणि गाडीची घडण पालटणें निराळें. शंका असेल तेथें परिवहन कार्यालयांत आणि विमा कंपनींत आधीं विचारून घेणें शहाणपणाचें.

एवढा ऊहापोह झाल्यावर पुतण्यानेंच एक सूचना केली, आणि तिचें श्रेय त्याला दिलेंच पाहिजे. तो म्हणाला, ‘आपण भांडतों आहों तें अंदाजावर, गाडी आधीं वजनकाट्यावर नेऊं.’ नेहमींचीं माणसें बसवून एकदां, आणि पेट्या लादून एकदां, असें दोनदां वजन केलें. दोन्हीं वेळां प्रथम पुढचीं चाकें, मग सगळी गाडी, मग एकटीं मागचीं चाकें काट्यावर घेतलीं. पेट्या वीस, प्रत्येकी वीस किलोच्या. म्हणजे ओझें 400 किलो, आणि नोंदणीच्या मर्यादेंत. पण हें ओझें वर्षांतून किती दिवस? दादांची वही काढून पाहिली तेव्हां भरले ते चाळीसच. उरलेले सव्वातीनशें दिवस गाडीच्या पाठीवर खताचें एखादें पोतें, कुऱ्हाड-कोयता आणि दोर, म्हणजे शंभर किलोहि नाहीं. चाळीस दिवसांच्या ओझ्यासाठीं सगळें वर्ष आईच्या पाठीवर लादावयाचें कीं काय, असा हा हिशेब होता. दादांनीं वही मिटली आणि पाटे वाढवण्याची गोष्ट पुन्हां काढली नाहीं.

मग निवड सोपी झाली. मागें आम्हीं उतरत्या ताकदीचा पाट्यांचा संच घेतला. त्यांत वरचे पाटे पातळ व लवचिक असतात आणि ते एकटेच रोजचा भार सोसतात. खालचा जाड पाटा गाडी ओझ्यानें पुरेशी दबली तरच टेंकतो आणि मग हातभार लावतो. गाडीची उंची मूळचीच ठेवली. शॉक ॲब्सॉर्बर या संचाच्या ताकदीशीं जुळणारे घेतले. एका नळीचे कीं दोन नळ्यांचे, हाही प्रश्न निघाला. एका नळीचे गार राहतात खरे. पण बाहेरून दगड लागून त्या नळीला पोंचा आला तर आंतला दट्ट्याच अडकतो. दोन नळ्यांच्या जातींत बाहेरच्या नळीनें असा एखादा मार खाल्ला तरी आंतली शाबूत राहते. आमच्या वाटेवर दगड उडतात, म्हणून दोन नळ्यांचे, पण जाड व अधिक तेल मावणारे घेतले. पाट्यांचे रबरी बुश आणि यू-बोल्ट नवे घातले. पुढचीं वेटोळीं मूळच्याच मापाचीं बसवून चाकांचा कोन तपासून घेतला.

दोन सुधारणा तर जवळजवळ फुकट झाल्या. पहिली हवेची. टायर हीदेखील एक कमानच आहे. जांभ्याच्या वाटेवर गाडी रिकामी आणि सावकाश चालवावयाची असेल तेव्हां हवा थोडी कमी करावयाची, आणि डांबरावर येतांच लहान पंपानें पुन्हां पुरती भरावयाची. ओझें असतांना मात्र दारावरच्या पट्टींत लिहिलेल्या दाबापेक्षां कमी ठेवावयाची नाहीं. दुसरी बैठकीची. आई पूर्वीं मागच्या बांकावर, जवळजवळ मागच्या चाकांच्या माथ्यावर बसे. दोन चाकांच्या मधोमध धक्का सर्वांत कमी लागतो. म्हणून आतां ती पुढें बसते आणि दादा मागें बसतात.

दिवाळीनंतरच्या पहिल्या खेपेहून परत आलों त्या रात्रीं आई अंथरुणावर न पडतां स्वयंपाकघरांत आली, आणि ‘आज ताक मी वाढतें’ म्हणाली. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं ताकाचें भांडें तिच्या हातीं दिलें. हा सगळा गुण कमानींचाच, असें आम्ही म्हणणार नाहीं. डॉक्टरांचें औषध त्यांत आहे, आणि हातीं चाक असलें कीं आजीकडे पाहून वेग कमी करणारा पुतण्याही त्यांत आहे.

ज्यांना अशी निवड करावयाची असेल त्यांनीं हाच क्रम ठेवावा, असें आम्हांस वाटतें. आधीं टायरची हवा व बुश पाहावे, मग गाडी काट्यावर न्यावी, मग शॉक ॲब्सॉर्बर आणि त्यांच्याशीं जुळणाऱ्या कमानी. उंचीचा विचार सर्वांत शेवटीं. आणि दुकानदार ‘कमान किती ताठ हवी?’ असें विचारील, तेव्हां वर्षांतले बहुतेक दिवस गाडींत कोण बसतें तें त्याला सांगावें.