ग्लेन

मामा गेल्यावर त्याचा औषधांचा डबा आवरायचं काम माझ्याकडे आलं. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांच्या अर्ध्या संपलेल्या स्ट्रिप्स, मागे छापलेलं 'ग्लेनमार्क'. ग्रेसियस साल्ढाणा यांनी १९७७ साली मुंबईत ही कंपनी काढली, आणि ग्लेन नि मार्क या आपल्या मुलांची नावं जोडून तिचं बारसं केलं. ग्लेन हा शब्द गेलिकमधून इंग्रजीत आलेला. स्कॉटलंडच्या डोंगरांतली अरुंद, लांबट दरी म्हणजे ग्लेन; ऐसपैस खोऱ्याला तिथे स्ट्रॅथ म्हणतात.

मामाच्या लेखी जगात ग्लेन एकच. २३ मार्च २००३, जोहान्सबर्ग, विश्वचषकाची फायनल, जिंकायला ३६० हवेत. सचिनने पहिल्याच षटकात चौकार मारला आणि लगेच पुल करायला गेला. चेंडू उभा चढला, खुद्द गोलंदाज ग्लेन मॅकग्रानेच झेलला. मामाने टीव्ही बंद केला, रिमोटमधले सेल काढून शर्टाच्या खिशात टाकले. सामना कितीने हरलो हे आम्हाला शेजारच्यांकडून कळलं.

माझा राग मात्र बिल्डरांवर. सपाट माळावर टॉवर उठवायचे आणि कमानीवर 'ग्लेन' लिहायचं! ग्लेनफिडिक व्हिस्की निदान फिडिक नदीच्या दरीत तयार होते. एका जर्मन व्हिस्कीने हा शब्द लावला तर २०१९ साली हॅम्बुर्गच्या कोर्टाने मनाई केली. गिऱ्हाइकाला ती स्कॉच वाटेल म्हणून. आमच्या कमानींना कोण अडवणार?

आणि बिल्डरांच्या ब्रोशरमधली ती शांतता! स्कॉटलंडच्या कित्येक दऱ्या शांत झाल्या त्या मेंढ्यांपायी. कुळांच्या खंडापेक्षा मेंढपाळीत जास्त पैसा दिसला, तशी जमीनदारांनी गावंच्या गावं उठवली. १८४५ साली ग्लेनकॅल्व्हीची माणसं अशीच बाहेर काढली गेली. पोराबाळांसह ती क्रॉइकच्या चर्चच्या आवारात, कबरींच्या मध्ये, तात्पुरत्या आडोशाखाली राहिली. जाण्याआधी कुणीतरी खिडकीच्या काचेवर बाहेरून ओरखडून लिहिलं, की ग्लेनकॅल्व्हीचे लोक इथे होते. एका ओळीत तर स्वतःलाच पापी पिढी म्हटलंय. जमीनदाराविरुद्ध अवाक्षर नाही. ती अक्षरं अजून वाचता येतात.

आमच्या इथल्या माळावरही आधी कुणाची तरी ज्वारी होती, कुणाचा गोठा होता. म्हणून फ्लॅट बघायला जाल तेव्हा कार्पेट एरिया जरूर विचारा. पण इथे आधी कोण राहत होतं, हेही एकदा विचारा.