बाबांच्या मागावर

बाबांना विसरायला होऊ लागलं होतं. फिरायला गेले की परतायला उशीर व्हायचा आणि इकडे आईचा जीव टांगणीला. म्हणून एकदा रिचार्ज करून देण्याच्या निमित्ताने मी त्यांचा फोन हातात घेतला आणि त्यांचं लोकेशन मला कायम दिसेल अशी सोय करून टाकली. त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, हे ठाऊक होतं, म्हणूनच. वर बॅटरी टिकावी म्हणून बॅटरी सेव्हरही लावून दिला. तेवढ्यावर मी स्वतःला कर्तबगार मुलगा समजू लागलो.

जुलैतल्या एका दुपारी नकाशावर बाबा भिडे पुलापाशी दिसले. खडकवासल्यातून पाणी सोडलं की पहिला हाच पूल बुडतो, हे पुण्यात शेंबडं पोरही सांगेल. मी ऑफिस सोडून धावलो. पूल बंद, पाणी लाल, बाबांचा पत्ता नाही. फोन लावायचं सुचलं ते तिथे पोचल्यावर. बाबा नारायण पेठेत न्हाव्याकडे दाढी करून घेत होते.

माझी समजूत अशी, की वरून एखादा उपग्रह बाबांवर नजर ठेवून असतो. प्रत्यक्षात जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगणारे संकेत पाठवतात. ते ऐकून आपण कुठे आहोत हे फोन स्वतःच ताडतो. त्यासाठी निदान चार उपग्रहांचे संकेत लागतात. पेठांच्या बोळांत ते भिंतींवर आपटून उशिरा पोचतात आणि हिशेब चुकतो. छपराखाली तर बऱ्याचदा टॉवर आणि आसपासची वायफाय यांवरच भागवावं लागतं. ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ म्हणजे ‘यात कुठेतरी’ अशी कबुली. मी ते शोभेचं समजत होतो. शिवाय ठिपका पाऊण तासापूर्वीचा होता. तसं खाली लिहिलेलंही होतं. स्क्रीन बंद असताना लोकेशन थांबवत होता तो मीच लावलेला बॅटरी सेव्हर.

तरी घरी येऊन बाबांवरच डाफरलो, “पाणी सोडलंय आणि तुम्ही नदीकडे कशाला गेलात?”

“गेलो होतो, पूर बघायला. लगेच परतलो. पण तुला कोणी सांगितलं?”

मी गप्प. माणूस विसराळू असला तरी खुळा नव्हता.

आता फिरायला निघताना ते फोन घरीच ठेवतात. आईने त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घरचा पत्ता आणि माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी घातली आहे. तिला त्यांची हरकत नाही. आईने आधी विचारलं होतं.