आंबोलीचा शीळकरी कस्तूर

सावंतवाडीहून घाट चढून आंबोलीस येणाऱ्यानें आषाढांत एकदां तरी पहांटे जागें राहावें. धुकें दाट असतें, पाऊस चालूच असतो. आणि हिरण्यकेशीच्या बाजूनें कोणी मुलगा स्वैरपणें शीळ घालीत चालला आहे असें वाटतें. तो मुलगा नव्हे. शीळकरी कस्तूर नांवाचा पक्षी होय. इंग्रजींत तर त्यास 'शीळ घालणारा शाळकरी' असेंच टोपणनांव आहे. त्याच्या सुरांस आरोह-अवरोहाचा नियम नाहीं. ते मध्येंच चढतात, मध्येंच हरवतात.

दुरून तो काळाच दिसतो. परंतु ऊन पडतांच कपाळ व खांदे नीलमण्यासारखे चमकतात. गोगलगायी, खेकडे व बेडूक खाऊन तो ओढ्याकाठींच राहतो, आणि पावसाळ्यांत पाण्यालगतच्या कपारींत शेवाळ व मुळें यांचें घरटें बांधतो.

लहानपणापासून पाळलेलें पिलूं शिकविलेली चाल उचलतें. याच गुणापायीं पूर्वीं त्यास पिंजऱ्यांत कोंडीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं आतां तो गुन्हा आहे, आणि तें योग्यच होय. जन्मभर मुलांकडून पाठ म्हणवून घेतलेल्या माझ्यासारख्या मास्तरासही पाठ केलेल्या चालीहून त्याचें मनचें गाणेंच गोड वाटतें. घरांतील मुलांस तें ओढ्याकाठीं नेऊनच ऐकवावें.