एकुमॅ

आमच्या पिढीच्या घरांत कागदांची एक पत्र्याची ट्रंक असायची आणि तिची किल्ली कर्त्या पुरुषाच्या करगोट्याला. सातबाऱ्याचे पिवळे पडलेले उतारे, शेतसाऱ्याच्या पावत्या, पोस्टाची पासबुकं, विम्याच्या हप्त्यांच्या तारेत ओवलेल्या पावत्या. पोरांनी हात लावायचा नाही, हे ठरलेलं. बायकांना तर आत काय आहे हे कुणी सांगायचंही नाही.

आजोबा गेले की तेरावा उरके आणि एके सकाळी थोरले काका मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे जात. तलाठीभाऊसाहेब वारसांच्या रजिस्टरात, म्हणजे सहा-क मध्ये, नावं लिहून घेत. चौकशी झाली की फेरफार धरला जाई, चावडीवर नोटीस लागे. पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली नाही की सर्कलसाहेब नोंद मंजूर करत. नवा उतारा हाती येई तेव्हा आजोबांच्या नावाला कंस पडलेला असे. खाली एकट्या काकांचं नाव आणि त्यापुढे तीन अक्षरं: एकुमॅ. एकत्र कुटुंब मॅनेजर. धाकट्या भावांचं नाव कुठेच नाही. आजी आणि आत्या असल्याच तर 'इतर हक्कां'च्या रकान्यात.

त्या काकांबद्दल मला आजही आदरच वाटतो. मुंबईला गिरणीत असलेल्या भावाकडे ज्वारीचं पोतं न चुकता जायचं, पुतणीच्या लग्नाला बैलजोडी विकली जायची. नाव एकाचं असलं तरी घास सगळ्यांचा होता. पण कागदाला हे ठाऊक नव्हतं. काका गेले, त्यांच्या जागी फक्त त्यांच्या मुलांची नावं लागली आणि ज्यांनी एका ताटात जेवण केलं त्यांची नातवंडं दिवाणी कोर्टाच्या व्हरांड्यात तारखेची वाट बघत उभी राहिली. किती घरांत हे झालं!

आत्यांचं तर वेगळंच. 1956 च्या कायद्यानं वडिलांच्या मागे मुलीला वारस केलं, 1994 साली महाराष्ट्रानं आणि 2005 साली साऱ्या देशानं वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलाच्या बरोबरीला आणलं. तरी रजिस्ट्रार कचेरीत हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा उठतच राहिला. "भावाशी वाकडं कशाला? माहेर तुटायला नको," म्हणायची. त्या अंगठ्यात माया होती, तशी भीतीही होती. आम्ही मायेचं तेवढं कौतुक केलं, हा त्या पिढीवरचा अन्यायच.

2025 मध्ये सरकारनं 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, कारण कित्येक उताऱ्यांवर अजून गेलेल्या माणसांचीच नावं होती. लोक खरंच हलले. सहा भावंडांच्या जमिनीत नावं लावायला चौथी पिढी चावडीत जमली.

बाबा गेले तेव्हा आम्ही भावंडांनी ट्रंक आईसमोर उघडली, एकेक कागद तिला वाचून दाखवला. अर्जात पहिलं नाव तिचं घातलं, मग तिन्ही बहिणींची, मग आम्हा दोघा भावांची. गावातल्या एका जाणत्यानं विचारलंच, "पोरींची कशाला घालताय? पुढं हक्कसोड करावंच लागणार." धाकटी बहीण तिथल्या तिथे म्हणाली, "लागणार नाही." वाटप तहसीलदारांपुढे संमतीनं केव्हाही होतं, त्याला घाई नव्हती. नावं तेवढी सगळ्यांची आधी लावून घेतली.