मुद्दल आणि पाखरे

आमच्या वडीगोद्रीला समुद्र नाही. पण पैठणचा नाथसागर जवळ आहे आणि हिवाळ्यात तेथे कुरव पक्षी उतरतात. लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी घरटी करणारे हे पाहुणे. त्यांचे थवे पाहताना माझ्यातला व्यापारी हटकून विचारतो, हे मोजत असतील कसे?

उत्तर पायातील कड्यात आहे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी अशी क्रमांकित कडी पक्ष्यांना घालत आली आहे. समजा, १०० पक्ष्यांना कडी घातली आणि पुढे पकडलेल्या ६० पैकी १५ जणांच्या पायात ती आढळली, म्हणजे चौथा हिस्सा. तर एकूण पक्षी सुमारे ४००. अर्थात कडीवाले पक्षी इतरांत नीट मिसळलेले हवेत. पोत्याच्या वरच्या थरावरून मालाचा भाव न ठरवणाऱ्यांना ही अट समजावून सांगायला नको.

याच कड्यांवरून दरवर्षी किती पक्षी परतले तेही कळते, आणि तेथे हिशेब जीवनमरणाचा होतो. दक्षिण महासागरातील भटक्या अल्बट्रॉसची जोडी एका वेळी एकच अंडे घालते. पिल्लू वाढवण्यात वर्ष सरते, म्हणून यशस्वी वीण दोन वर्षांतून एकदाच. तीही वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास सुरू होते. व्याज इतके थोडे, म्हणून सारी भिस्त मुद्दलावर. वर्षाला १०० प्रौढांपैकी ५ मरत असतील, तर प्रौढपणीचे सरासरी आयुष्य २० वर्षे भरते. ९ मरू लागले, तर अवघी ११. मेले चारच अधिक, पण प्रत्येकाच्या वाट्याची वीण जवळजवळ निम्म्यावर आली.

हे चार जातात मासेमारीच्या लांब दोरांवर. आमिषावर झेपावलेला पक्षी गळात अडकतो आणि बुडतो. एका जहाजाच्या नोंदवहीत असा एखाददुसराच दिसतो, म्हणून कुणाला खटकत नाही. मासेमारीच थांबावी, असे आपल्यापैकी अनेकजण म्हणतील, मीही म्हणेन. ती थांबली नाही. परंतु दक्षिण जॉर्जिया बेटाभोवती दोर रात्री सोडावेत, वजन लावून लवकर बुडवावेत, विणीच्या हंगामात मासेमारी बंद ठेवावी, असे नियम झाले आणि तेथे गळावर मरणारे पक्षी जवळजवळ उरले नाहीत.

अल्बट्रॉसला मात्र हद्द ठाऊक नसते. तो अन्नासाठी हजारो किलोमीटर दूर, इतरांच्या जहाजांमागे जातो. बेटावरचे संशोधक दरवर्षी घरटी मोजतात. आकडा अजून सावरलेला नाही.