निस्तेजाची साधना

मनुष्याच्या हातून घडणाऱ्या बहुतेक वस्तूंची एक मूक अपेक्षा असते, की आपल्याकडे कोणीतरी पाहावे. परंतु जो गृहस्थ नोकरीधंद्यातून उरलेल्या वेळात, घरालगतच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे खपून स्वतःसाठी विमान बांधतो, त्याच्या वाट्याला अखेरीस एक असे काम येते, की ते जितके उत्तम साधेल तितके त्याने दृष्टीतून नाहीसे व्हावे. उपकरणफलकाच्या माथ्यावरून वळचणीसारखा वैमानिकाकडे झुकलेला आणि पलीकडे थेट समोरच्या काचेच्या पायथ्याला भिडलेला जो काळा भाग, ज्याला वैमानिक ग्लेअरशील्ड म्हणतात, तो पूर्णत्वास नेणे हेच ते काम.

विमाने घरी बांधण्याचा हा छंद अमेरिकेत चांगलाच रुजलेला आहे. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली विस्कॉन्सिनमध्ये हौशी विमानबांधकांची संघटना स्थापन केली. रिचर्ड व्हॅनग्रन्सवेन यांनी १९७३ मध्ये ऑरेगॉनात काढलेल्या कारखान्याचे सुटे भाग जोडून लोकांनी अकरा हजारांहून अधिक ‘आरव्ही’ विमाने आकाशात नेली. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपात इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान उभे केले आणि २०१६ साली मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते मांडले. सरकारी नोंदणीचा दाखला मात्र हाती पडला तो पुढच्या वर्षी. अशा यंत्रासमोर उभा राहिलेला माणूस पंख न्याहाळतो, पंख्याला हात लावून पाहतो. उपकरणफलकावरच्या काळिम्याची तारीफ करणारा प्रेक्षक माझ्या तरी पाहण्यात नाही.

आणि तरीही त्या काळिम्यावाचून वैमानिकाचे चालत नाही, याचे कारण प्रकाशाच्या स्वभावात आहे. ॲक्रिलिकच्या काचेवर प्रकाश अगदी सरळ पडला, तरी तिच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के परत फिरतो, आणि तिरपा पडला तर त्याहून अधिक. समोरची काच मागे कललेली असल्यामुळे तिच्या तळाशी जे काही उजळ असेल, त्याची छाया ती नेमकी वैमानिकाच्या डोळ्यांपुढे आणून उभी करते. तेथे सहज ठेवलेला कागदी नकाशा पुढच्या आकाशात तरंगताना दिसतो. अंगातला पांढरा सदराही कधी कधी तेथे हजेरी लावतो. मग ज्याच्याशी टक्कर व्हावयाची ते दुसरे विमान, जे काचेवर एका जागी खिळलेल्या ठिपक्यासारखे दिसते आणि हलत नाही म्हणूनच नजरेतून निसटते, ते त्या दुधाळ पडद्याआड हरपले तर दोष कोणाला द्यावा? कॅमेऱ्याच्या आणि दुर्बिणीच्या पोटात काळा रंग देतात तो याच न्यायाने, की दूरचे स्वच्छ दिसावे म्हणून जवळचे निस्तेज असावे लागते.

परंतु निस्तेज होणे हे चमकण्याइतकेच कष्टसाध्य आहे. ॲल्युमिनियमचा पत्रा घासून खरबरीत करावा, प्राइमर द्यावा, वर मॅट काळा रंग फवारावा. एवढे करूनही प्रकाश पृष्ठभागाला घसटून गेला, की तोच मॅट रंग चकाकू लागतो. म्हणून कोणी कापड किंवा मऊ कातडे ताणून चिकटवतात, तर त्यांना कोपऱ्यांवरच्या सुरकुत्यांशी आणि उन्हात सैल पडणाऱ्या गोंदाशी झगडावे लागते. पत्र्याची उघडी कड धक्क्याच्या वेळी कपाळावर सुरीसारखी येऊ नये, म्हणून तिला रबराची किंवा फायबरग्लासची गोलाई द्यावी लागते. काचेवरची वाफ घालवणाऱ्या छोट्या पंख्यांसाठी छिद्रे पाडावी लागतात. होकायंत्र जवळ असेल तर लोखंडी स्क्रू वर्ज्य करून पितळेचे योजावे लागतात आणि त्यांची लखलखणारी डोकीही काळी करावी लागतात. हे सारे समोरची काच कायमची बसण्याआधीच उरकणे शहाणपणाचे, कारण त्यानंतर त्या अरुंद कोनात मनुष्याचा हात मोठ्या मिनतवारीनेच शिरतो.

अमेरिकी सरकारच्या दप्तरी या विमानांविषयी पुष्कळ कलमे आहेत. ‘प्रायोगिक’ हा अर्थ सांगणारा शब्द प्रवेशाजवळ निदान दोन इंच उंचीच्या अक्षरांत लिहावा लागतो. हे विमान सुरक्षिततेच्या सर्वसाधारण नियमांना उतरलेले नाही, अशी ताकीद प्रवाशाला दिसेल अशा जागी लावावी लागते. विमानाचा बहुतांश भाग हौशी माणसांनी निव्वळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा मनोरंजनासाठी बांधला, याचा पुरावाही द्यावा लागतो. त्यांतले मनोरंजन पंखांच्या खिळ्याखिळ्यात भरपूर मिळते. शिक्षणाचे म्हणाल, तर मला वाटते, ते या काळ्या पत्र्यापाशी पुरे होते. कारण येथे कसब दाखवण्याची हौस आवरून धरावी लागते, कोणाच्या शाबासकीची वाट न पाहता आपणच आपला तपासनीस व्हावे लागते, आणि भर उन्हात आसनावर बसून समोर पाहताना काचेत आपल्या कारागिरीचा मागमूसही दिसला नाही, तरच ती पसंत करावी लागते.