न्यायाचा पहिला धडा

सुट्टीत ढाणकीस गेलो म्हणजे "कायदा शिकून काय मिळविलेत?" असा प्रश्न आम्हांस हटकून विचारण्यात येतो. आमचे उत्तर थोडे विचित्र आहे. कायद्याच्या अभ्यासाने आम्हांस प्रथम एका अपराध्याची ओळख पटविली, आणि तो अपराधी आम्हीच होतो.

आम्ही त्या वेळी सातवीत होतो. गावच्या आठवडी बाजारात एका बाईंचा बटवा हरवला व एकच गलका झाला. जवळच फाटक्या सदऱ्यातील एक परगावचा मुलगा उभा होता. "यानेच घेतला!" असे आम्ही ओरडलो. आम्ही काहीही पाहिले नव्हते. पाहिला होता तो केवळ त्याचा वेष. लोकांनी त्यास मारले. मार चुकावा म्हणून तो पोर "होय, मीच घेतला" असे म्हणाला, तेव्हा आमची छाती अभिमानाने फुगली. घटकाभराने बटवा त्या बाईंच्याच पिशवीत, मेथीच्या जुडीखाली सापडला! मंडळी मुकाट्याने पांगली. त्या मुलाची क्षमा कोणी मागितली नाही, आम्हीही नाही.

पुढे कायद्याच्या शिक्षणासाठी आम्ही नागपुरास विद्यापीठात गेलो. तेथे पुराव्याच्या कायद्याचा पाठ सुरू झाला. आरोप करील त्याने तो सिद्ध करावा. धाक दाखवून वदविलेली कबुली ग्राह्य नाही. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुलीही आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. ही तत्त्वे १८७२ च्या कायद्यात होती, व १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम आहेत. प्राध्यापक शिकवीत होते आणि आमच्या डोळ्यांपुढे तो मुलगा उभा होता.

हे सारे ऐकून वडील म्हणाले, "अरे, अशाने चोर सुटत नाहीत काय?" आम्ही म्हणालो, "बाबा, कधी सुटतही असतील. परंतु निरपराध्यास शिक्षा झाली, तर खरा चोर सुटतोच. आणि वर आणखी एक अन्याय घडतो." यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे की, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमाती यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. त्या दिवशी बाजारात हे ठाऊक असणारा एक जरी मनुष्य असता तर!

असो. बाजारात गेलो की आमची नजर आजही त्या मुलास शोधते. पण आता तो भेटला तरी ओळखू येणार नाही. विद्यार्थी मित्रहो, तुम्ही वकील व्हा अथवा न व्हा, परंतु कोणी कोणाकडे बोट दाखविले, तर "तू स्वतः पाहिलेस काय?" एवढे अवश्य विचारा. आम्हांस त्या दिवशी हे कोणी विचारले नाही.